रंग न येणे हाच निकाल

फुप्फुसांभोवती दोन पदरी पातळ आवरण असते. त्यात पाणी साठले की डॉक्टर सुईने ते काढतात, गरज पडल्यास आवरणाचा छोटा तुकडाही घेतात, आणि पुढचे काम पॅथॉलॉजिस्टकडे जाते. तिथे एक जुनी अडचण वाट पाहत असते. या आवरणाचे अस्तर ज्या मेसोथेलियल पेशींचे बनते, त्या क्षयरोगाने, न्यूमोनियाने किंवा नुसत्या साठलेल्या पाण्याने डिवचल्या गेल्या तरी फुगतात, भराभर वाढतात, त्यांची केंद्रके मोठी होतात. त्याच पेशींचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, झाला तरी सुरुवातीला त्या जवळजवळ तशाच दिसतात. पेशी खालच्या चरबीत घुसल्या असतील तर कर्करोग म्हणायचे, हा कित्येक वर्षांचा निकष. पण तुकडा वरवरचा निघाला तर खालची चरबी त्यात येतच नाही, आणि सुईने काढलेल्या पाण्यात तर पेशी सुट्याच तरंगत असतात. गेल्या दहाएक वर्षांत या पेचातून वाट काढायला एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, कामी येऊ लागले आहे. ते बॅप-१ नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, शोधते. गंमत अशी, की निदानाला उपयोगी उत्तर ते विकर सापडल्यावर मिळत नाही. सापडले नाही तर मिळते. एरवी विज्ञानात ‘काही दिसले नाही’ हा सर्वांत लंगडा पुरावा. तोच इथे सर्वांत भक्कम कसा ठरतो, हे पाहिले तर प्रयोगशाळेतल्या कोणत्याही प्रतिपिंडावर कधी विश्वास ठेवावा आणि कधी ठेवू नये, याचेही उत्तर हाती लागते.

आधी या विकराचे काम. आपल्या पेशींमध्ये युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे एक छोटेसे प्रथिन असते. पेशी ते दुसऱ्या प्रथिनांवर चिकटवते. त्याची साखळी चिकटली तर ते प्रथिन बहुधा मोडीत निघते. एकटेदुकटे चिकटले तर प्रथिनाची जागा, जोडीदार किंवा वागणूक बदलते. मोडीत काढण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल ॲरन चिकानोव्हर, अव्राम हेर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चिकटवण्याइतकेच काढून घेणेही महत्त्वाचे असते, आणि ते काम करणाऱ्या विकरांना डीयुबिक्विटिनेज म्हणतात. माणसात अशी सुमारे शंभर आहेत. बॅप-१ त्यांपैकी एक, ७२९ अमिनो आम्लांचे. १९९८ मध्ये ते सापडले तेव्हा स्तनांच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए-१ या प्रथिनाचा सोबती म्हणून त्याची नोंद झाली आणि नावही त्यावरूनच पडले. त्याचे मुख्य काम पुढे वेगळेच निघाले. केंद्रकात डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एचटूए या हिस्टोनवरचे युबिक्विटिन ते काढते. त्यामुळे काही जनुके बंद राहायची की चालू, हे ठरते. हा उलगडा आधी फळमाशीत झाला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या जे. विल्यम हार्बर यांच्या गटाने डोळ्यातल्या मेलानोमाचे नमुने तपासले. जी अर्बुदे, म्हणजे कर्करोगाच्या गाठी, शरीरात इतरत्र पसरण्याच्या जातीची होती, अशा ३१ पैकी २६ मध्ये बॅप-१ चे जनुक बिघडलेले निघाले. २०११ मध्ये अमेरिकेतल्याच दोन कुटुंबांचा अभ्यास आला. दोन्हींत मेसोथेलिओमाचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या होत होते, आणि दोन्हींत बॅप-१ ची एक प्रत जन्मतःच सदोष होती. चित्र स्पष्ट झाले: हे कर्करोगाला लगाम घालणारे जनुक आहे. तिसऱ्या गुणसूत्रावर त्याच्या दोन प्रती असतात. दोन्ही निकामी झाल्या की पेशीत ते प्रथिन उरत नाही. डिवचलेल्या पण निरोगी पेशीत मात्र दोन्ही प्रती शाबूत असतात, म्हणून प्रथिनही असते. या साध्या फरकावर पुढची सगळी इमारत उभी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ज्या दोन पेशी सारख्याच दिसतात, त्यांतल्या एकीत एक प्रथिन आहे आणि दुसरीत नाही. तेवढे दाखवून देणारे साधन हवे.

ते साधन म्हणजे प्रतिपिंड. १९७५ मध्ये केंब्रिजला गेऑर्गेस क्योहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्रतिपिंड करणाऱ्या पेशीचा अमर अर्बुदपेशीशी संकर केला. त्यातून एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके काढता येऊ लागले. मेसोथेलिओमाच्या निदानात सर्वाधिक वापरले गेलेले बॅप-१ विरोधी प्रतिपिंड याच पद्धतीचे आहे. ‘सी-४’ या क्लोन-नावाने ते ओळखले जाते. ते तयार करताना उंदराला प्रथिनाचा ४३० ते ७२९ क्रमांकांच्या अमिनो आम्लांचा, म्हणजे शेपटाकडचा, भाग टोचला होता. हा तपशील कोरडा वाटेल, पण निदानाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. कर्करोगातले पुष्कळ बिघाड असे असतात, की प्रथिन अर्ध्यावरच तुटते. प्रतिपिंड डोक्याकडचा भाग ओळखणारे असते तर तुटका निकामी तुकडाही त्याला दिसला असता आणि ‘प्रथिन आहे’ असा खोटा दिलासा मिळाला असता. शेपूट ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला तुटके प्रथिन दिसतच नाही. शिवाय प्रथिनाला केंद्रकात नेणारा संकेतही या शेपटातच, अगदी टोकाजवळ, आहे.

प्रत्यक्ष पद्धत अशी. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात, आणि त्याचे सुमारे चार मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतल्या चारांइतके, काप काचपट्टीवर घेतात. फॉर्मलिनने प्रथिने एकमेकांत अडकून पडलेली असतात; काप क्षारद्रावणात उकळत्या तापमानाच्या आसपास तापवला की ती पुन्हा मोकळी होतात. मग प्रतिपिंड घालायचे, ते चिकटले तिथे जाऊन बसणारे दुसरे प्रतिपिंड घालायचे, आणि या दुसऱ्याला जोडलेल्या विकराकडून तपकिरी रंग काढून घ्यायचा. उरलेली केंद्रके फिकट निळी रंगवतात. बॅप-१ असलेले केंद्रक तपकिरी दिसते, नसलेले निळेच राहते.

आता खरी शंका येते. निळे केंद्रक म्हणजे प्रथिन नाही, की रंग देण्यात काही चुकले? तुकडा फॉर्मलिनमध्ये फार उशिरा पडला असेल, तापवणे कमी झाले असेल, प्रतिपिंड जुने झाले असेल. या प्रत्येक वेळी केंद्रक निळेच राहील. कर्करोगाचे निदान आणि तंत्रज्ञाचा आळस यांचा रंग एकच! या प्रश्नाचे उत्तर त्याच काचपट्टीवर असते. अर्बुदाच्या पेशींमध्ये आणि शेजारी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी असतात, आधार देणाऱ्या तंतूंच्या पेशी असतात. या सर्वांत बॅप-१ असते. त्याच कापातल्या, तेच फॉर्मलिन आणि तोच ताप सोसलेल्या या पेशी तपकिरी झाल्या आणि अर्बुदाच्या पेशी तेवढ्या निळ्या राहिल्या, तरच ‘प्रथिन नाही’ म्हणता येते. शेजारीही निळे असतील तर त्या काचपट्टीला काहीच सांगायचे नसते. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे, पण एका अटीवर: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. जमिनीवर घडा नाही हे भर उजेडात पाहून सांगता येते, अंधारात नाही. काचपट्टीवरचे तपकिरी लिम्फोसाइट म्हणजे तो उजेड. जन्मतःच एक प्रत सदोष असलेल्या व्यक्तीतही हा उजेड टिकतो, कारण तिच्या निरोगी पेशींत दुसरी प्रत चालू असते.

इथे बॅप-१ च्या स्वतःच्या स्वभावाचा एक भाग कामाला येतो, आणि मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर वाटतो. कधीकधी कर्करोगाच्या पेशीत केंद्रक निळे असते, पण भोवतालच्या पेशीद्रवात तपकिरी रंग असतो. हे प्रथिन ‘आहे’ म्हणायचे की ‘नाही’? पॅथॉलॉजिस्ट अशा पेशीला ‘नाही’ म्हणतात, आणि त्यामागे कारण आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले, की युबीई-टूओ नावाचे दुसरे एक विकर बॅप-१ च्या केंद्रकात नेणाऱ्या संकेतावरच युबिक्विटिन चिकटवते आणि त्याची वाट अडवते. धडधाकट बॅप-१ ते युबिक्विटिन स्वतःच स्वतःवरून काढून टाकते आणि केंद्रकात जाते. ज्याची ती क्षमता गेली आहे ते बाहेरच अडकते. म्हणजे प्रथिन कुठे आहे यावरून ते काम करते आहे की नाही, याचा अंदाज बांधता येतो. प्रतिपिंडाला खरे तर विकराचे काम दिसत नाही, फक्त त्याचा आकार दिसतो. पण या विकराचे काम त्याच्या जागेत उमटते, म्हणून जागा पाहिली की कामाचा सुगावा लागतो. हे भाग्य प्रत्येक डीयुबिक्विटिनेजच्या वाट्याला आलेले नाही.

प्रतिपिंडांवर इतका भार टाकावा का, हा आक्षेप रास्त आहे. बाजारात विकत मिळणाऱ्या प्रतिपिंडांचा लौकिक काही चांगला नाही. एस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा या प्रथिनाचे उदाहरण बोलके आहे. ते सापडल्यापासून वीस वर्षे त्यावर ढीगभर संशोधन झाले, स्तनांच्या कर्करोगातल्या त्याच्या भूमिकेवर वाद झडले. २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी त्याच्याविरुद्धची १३ प्रतिपिंडे कसून तपासली, तर भरवशाचे निघाले एकच. बाकीची भलत्याच प्रथिनांना चिकटत होती किंवा हव्या त्या प्रथिनाला चिकटतच नव्हती. २०२३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाशी निगडित एका खुल्या प्रकल्पाने मज्जासंस्थेतल्या ६५ प्रथिनांविरुद्धची ६१४ प्रतिपिंडे एकाच कसोटीवर घासली. निकालांनंतर उत्पादक कंपन्यांनी नापास झालेल्यांपैकी काही विक्रीतून काढली, अनेकांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. एका साच्याची आणि ज्यांचा जनुकीय क्रम माहीत आहे अशी प्रतिपिंडे बाकीच्यांपेक्षा सरस ठरली, हेही त्यातून दिसले.

पण ती कसोटी कोणती होती, हे पाहिले की आक्षेपातच उत्तर दडलेले दिसते. या प्रकल्पाने प्रत्येक प्रथिनासाठी अशी पेशी घेतली जिच्यातून त्याचे जनुक मुद्दाम काढून टाकले होते, आणि तिची जुळी, जिच्यात ते शाबूत होते. खरे प्रतिपिंड पहिल्या पेशीत गप्प बसते आणि दुसरीत बोलते. नुसते बोलण्याला किंमत नाही. कोणतेही चिकट प्रतिपिंड कुठेही रंग देते, आणि रंग आला की संशोधकाला तो हवा तसा वाचण्याचा मोह होतो. प्रतिपिंडाची लायकी ठरते ती प्रथिन नसताना ते गप्प राहते का, यावर. बॅप-१ च्या बाबतीत असा नमुना निसर्गानेच तयार ठेवला आहे: एच-२२६ नावाच्या, प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे वाढवल्या जाणाऱ्या पेशींत बॅप-१ चे जनुक मुळातच गळून गेलेले आहे. बॅप-१ गमावलेल्या मेसोथेलिओमाची प्रत्येक काचपट्टीही त्याच कसोटीची छोटी आवृत्ती असते. एकीकडे प्रथिन नसलेल्या अर्बुदपेशी, दुसरीकडे प्रथिन असलेले शेजारी, आणि दोन्ही एकाच कापात. रंग आल्यावर निदान करणाऱ्या कितीतरी चाचण्यांना ही सोय नसते. तिथे खोटा रंग आला तर तो खोटा आहे हे सांगणारे शेजारी कोणी नसते. म्हणून मला वाटते, की रंग न येण्यावर आधारलेली ही चाचणी प्रतिपिंडांच्या बदलौकिकाला अपवाद नाही, उलट त्या रोगावरचा उपचार कसा असावा याचा ती नमुना आहे. एक मर्यादा मात्र मान्य केलीच पाहिजे. जेलवर प्रथिने वेगळी करून केलेल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये पास झालेले प्रतिपिंड फॉर्मलिनमध्ये टिकवलेल्या ऊतीत पास होईलच असे नाही. उकळून सरळ केलेले प्रथिन आणि ऊतीत घडी घालून बसलेले प्रथिन यांची रूपे वेगळी असतात. कसोटी त्या त्या पद्धतीत पुन्हा घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. जनुकच बिघडले आहे ना, मग थेट डीएनएचा क्रम वाचावा. उंदराचे प्रतिपिंड आणि तपकिरी रंग कशाला? २०११ मध्येच मेसोथेलिओमातला बॅप-१ चा क्रम वाचला गेला, तेव्हा सुमारे २३ टक्के अर्बुदांत बिघाड दिसला. प्रतिपिंडाने पाहिले तर मात्र साठ टक्क्यांच्या आसपास अर्बुदांत प्रथिन नसते. अक्षर न्‌ अक्षर वाचणारी पद्धत मागे पडते, कारण मेसोथेलिओमात पुष्कळदा जनुकातले अक्षर बदललेले नसते, तर जनुकाचा तुकडाच्या तुकडा गळून गेलेला असतो. अर्बुदाच्या तुकड्यात निरोगी पेशींची भेसळ असते. गळालेल्या जागी त्यांचाच डीएनए वाचला जातो आणि सगळे ठीक आहे असे भासते. प्रतिपिंडाला ही भेसळ अडवत नाही, उलट तीच साक्षीदार होते. क्रमवाचनाच्या पद्धती आता खूप सुधारल्या आहेत, गळालेले तुकडेही त्यांना सापडतात. आणि कुटुंबात दोष वाहतो आहे का, हे ठरवायला तर निरोगी पेशींतला, बहुधा रक्तातला, डीएनएच वाचावा लागतो; आणि ते ठरवणे महत्त्वाचे असते, कारण त्याच दोषातून डोळ्याचा आणि त्वचेचा मेलानोमा, मूत्रपिंडाचा कर्करोगही उद्भवतो. पण समोरच्या तुकड्यातली ही पेशी कर्करोगाची आहे का, या प्रश्नाला काचपट्टी आजही झटपट आणि स्वस्तात उत्तर देते.

तिसरा मुद्दा आक्षेप कमी आणि इशारा जास्त. चाचणीचा हा दरवाजा एकाच बाजूने उघडतो. केंद्रके निळी असतील तर मेसोथेलियल पेशींची ती वाढ कर्करोगाची आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते; निव्वळ डिवचलेल्या पेशींत बॅप-१ टिकून राहते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. केंद्रके तपकिरी असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. कितीतरी मेसोथेलिओमांत, विशेषतः लांबट पेशींच्या सार्कोमासारख्या प्रकारात, बॅप-१ शाबूत असते. कधी एकाच अमिनो आम्लाच्या बदलाने प्रथिन निकामी होते, पण केंद्रकात जाऊन बसते, आणि प्रतिपिंड त्याला बिनदिक्कत हजर मांडते. म्हणून जोडीला एमटॅप नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचीही अनुपस्थिती तपासतात. नवव्या गुणसूत्रावर त्याच्या शेजारचे कर्करोगाला आवरणारे जनुक गळते तेव्हा पुष्कळदा तेही सोबत जाते. आणखी एक गोष्ट विसरली जाते. बॅप-१ नसणे हे पेशी घातक असल्याचे सांगते, ती मेसोथेलियल आहे हे सांगत नाही. मूत्रपिंडाच्या काही कर्करोगांतही ते नसते. पेशीचे मूळ कोणते, यासाठी कॅलरेटिनिनसारखी वेगळी प्रतिपिंडे वापरावीच लागतात, आणि तिथे मात्र रंग येण्यालाच अर्थ असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या वर्गीकरणात ‘मेसोथेलिओमा इन सिटू’ या अवस्थेला जागा दिली. इथे गाठ नसते, पेशी कुठे घुसलेल्या नसतात, आवरणावर पेशींचा जेमतेम एक थर असतो, आणि निदानाची भिस्त बॅप-१ किंवा एमटॅप यांच्या अशाच अनुपस्थितीवर असते. काही वर्षांनी पसरू शकणारा आजार इतक्या आधी दिसणे ही मोठी झेप आहे, आणि म्हणूनच तिथे शेजारच्या पेशींची साक्ष न पाहता निकाल देणे अक्षम्य आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या जे. सी. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी नॉर्दर्न केपच्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातले ३३ रुग्ण नोंदवले, तेव्हापासून मेसोथेलिओमा आणि ॲस्बेस्टॉस यांचे नाते निर्विवाद आहे. धूळ छातीत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षे जातात. भारतात ॲस्बेस्टॉसचे खाणकाम थांबले आहे, पण पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात चालू आहे आणि सिमेंटचे पत्रे महाराष्ट्रातल्या चाळींवर, गोठ्यांवर, कारखान्यांच्या शेडवर आजही आहेत. त्यात आपल्याकडे छातीत पाणी झाले की आधी क्षयरोगाची शंका येते, आणि पुष्कळदा ती खरीही असते. नेमक्या अशाच रुग्णांत डिवचलेल्या पेशी आणि कर्करोगाच्या पेशी यांच्यातली निवड अवघड होते. मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो, त्यातून नवा काप घेऊन ही चाचणी पुन्हा करता येते. तेव्हा घरातल्या कोणाचा असा अहवाल हाती आला आणि त्यावर ‘बॅप-१ नाही’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्याच काचपट्टीवरच्या निरोगी पेशींत रंग आला होता का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्याचे उत्तर मिळाले नाही, तर चाचणी पुन्हा करून घ्या.